भारतीय हवाई दलाच्या लढाऊ विमानांचे आधुनिकीकरण

भारतीय हवाई दलाच्या लढाऊ विमानांचे आधुनिकीकरण ही जुनी लढाऊ विमाने टप्प्याटप्प्याने निवृत्त करणे, वापरातील विमाने अद्ययावत करणे आणि नवी विमाने दाखल करणे अशी तिहेरी प्रक्रिया आहे. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रन मंजूर आहेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमाने निवृत्त झाल्यावर प्रत्यक्षात २९ स्क्वाड्रन उरल्या. जुनी विमाने निवृत्त होण्याचा वेग आणि नवी विमाने मिळण्याचा वेग यांतील तफावत हा या प्रक्रियेतील मध्यवर्ती प्रश्न आहे.

या प्रक्रियेत महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. नाशिकजवळील ओझर येथे मिग-२१, मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय या तीन लढाऊ विमानांचे परवान्याखाली उत्पादन झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथूनच स्वदेशी तेजस मार्क-१ए विमानाचे उड्डाण झाले.

== पार्श्वभूमी ==

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत दलाची लढाऊ विमाने मुख्यतः ब्रिटन व फ्रान्सकडून आली. व्हँपायर, तुफानी, मिस्टेअर, हंटर आणि नॅट ही त्यांपैकी प्रमुख होत. याच काळात जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूर येथे एचएफ-२४ मरुत हे लढाऊ विमान तयार झाले. त्याचे पहिले उड्डाण १७ जून १९६१ रोजी झाले. मरुतचा सांगाडा उत्तम मानला गेला, परंतु त्याला साजेसे शक्तिशाली इंजिन मिळाले नाही. विमान देशात घडते, पण त्याचे इंजिन बाहेरून आणावे लागते, ही अडचण पुढे तेजसच्या वाट्यालाही आली.

१९६२च्या चीन युद्धानंतर हवाई दलाचा विस्तार करण्याचा निर्णय झाला आणि सोव्हिएत संघाकडून मिग-२१ हे स्वनातीत विमान घेण्यात आले. १९६३ मध्ये चंडीगड येथे २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ही विमाने दाखल झाली. खरेदीबरोबरच परवान्याखाली उत्पादनाचा करारही झाला. त्यासाठी तीन ठिकाणे निवडण्यात आली: विमानाच्या सांगाड्यासाठी महाराष्ट्रातील ओझर, इंजिनासाठी ओडिशातील कोरापुट आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी हैदराबाद. १ ऑक्टोबर १९६४ रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट आणि एरोनॉटिक्स इंडिया या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड (एचएएल) ही कंपनी अस्तित्वात आली व हे तिन्ही कारखाने तिच्याकडे गेले. त्या काळात यशवंतराव चव्हाण हे देशाचे संरक्षणमंत्री होते. १९६३ मध्ये ते नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते.

१९७० व १९८०च्या दशकांत ताफा वेगाने वाढला. जग्वार (१९७९), मिग-२३, मिग-२५, मिराज २००० (१९८५), मिग-२७ आणि मिग-२९ (१९८७) अशी अनेक प्रकारची विमाने थोड्या कालावधीत दाखल झाली. ज्यांची भरती एकाच काळात होते, त्यांची निवृत्तीही साधारण एकाच काळात येते. आजच्या तुटीचे एक मूळ या भरतीच्या पद्धतीत आहे.

== स्क्वाड्रनसंख्या ==

लढाऊ विमानांच्या एका स्क्वाड्रनमध्ये साधारणपणे १६ ते १८ विमाने असतात. त्यांखेरीज प्रशिक्षणासाठी दोन आसनी विमाने असतात. पाकिस्तान आणि चीन या दोन्ही सीमांवर एकाच वेळी संघर्ष उद्‌भवण्याची शक्यता लक्षात घेऊन ४२ स्क्वाड्रनची गरज सांगितली जाते. मिग-२१च्या निवृत्तीनंतर स्क्वाड्रनची विभागणी पुढीलप्रमाणे झाली.

| विमान | सेवेत दाखल | मूळ देश | स्क्वाड्रन |
|---|---|---|---|
| सुखोई-३० एमकेआय | २००२ | रशिया (बहुतांश उत्पादन ओझर येथे) | १३ |
| जग्वार | १९७९ | ब्रिटन–फ्रान्स | ६ |
| मिराज २००० | १९८५ | फ्रान्स | ३ |
| मिग-२९ | १९८७ | सोव्हिएत संघ | ३ |
| राफेल | २०२० | फ्रान्स | २ |
| तेजस मार्क-१ | २०१६ | भारत | २ |
| एकूण | | | २९ |

जग्वार, मिराज २००० आणि मिग-२९ या तिन्ही प्रकारांची भरती १९७९ ते १९८७ या आठ वर्षांत सुरू झाली. त्यांच्या मिळून १२ स्क्वाड्रन होतात. ही विमाने २०३०च्या दशकात क्रमाक्रमाने निवृत्त होणे अपेक्षित आहे. म्हणजे आजची १३ स्क्वाड्रनची तूट भरून काढतानाच आणखी १२ स्क्वाड्रनसाठी पर्यायी विमाने उभी करावी लागणार आहेत.

== विमान जुने होण्याचा अर्थ ==

लढाऊ विमानाचे आयुष्य केवळ वर्षांत मोजले जात नाही. सांगाड्याचे आयुष्य उड्डाणतासांत ठरते. वेगवान वळणे, चढ-उतार आणि धावपट्टीवर उतरतानाचे धक्के यांमुळे धातूला सूक्ष्म भेगा पडतात. ठरावीक उड्डाणतासांनंतर विमान पूर्णपणे उघडून त्याच्या प्रत्येक भागाची तपासणी, दुरुस्ती अथवा बदल करणे आवश्यक असते. या कामाला ओव्हरहॉल म्हणतात. ओव्हरहॉलमुळे आयुष्य वाढते, परंतु ते अमर्याद वाढत नाही.

दुसरे वार्धक्य तांत्रिक असते. सांगाडा धडधाकट असला, तरी रडार, क्षेपणास्त्रे आणि इलेक्ट्रॉनिक युद्धप्रणाली शत्रूच्या तुलनेत मागे पडतात. दृष्टिपथापलीकडील लक्ष्यावर क्षेपणास्त्र डागण्याची क्षमता नसलेल्या विमानाला आधुनिक हवाई युद्धात फारसा वाव उरत नाही.

तिसरी अडचण सुट्या भागांची असते. मूळ कारखान्याने उत्पादन थांबवले की सुटे भाग दुर्मीळ होतात. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यावर आणि पुन्हा २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियन बनावटीच्या विमानांच्या सुट्या भागांबाबत ही अडचण जाणवली. जग्वार विमान ब्रिटन व फ्रान्सने केव्हाच निवृत्त केले असल्याने भारताने फ्रान्सकडून निवृत्त जग्वारचे सांगाडे सुट्या भागांसाठी घेतले. मिराज २०००च्या बाबतीतही फ्रान्समधील निवृत्त विमाने याच कारणासाठी घेण्यात आली.

== वापरातील विमानांचे अद्ययावतीकरण ==

नवे विमान घेण्यास लागणारा वेळ व खर्च लक्षात घेता जुन्या विमानात नवी उपकरणे बसवणे हा मार्ग हवाई दलाने वारंवार अवलंबला आहे.

=== मिग-२१ बायसन ===

१९९६ मध्ये १२५ मिग-२१ बिस विमाने अद्ययावत करण्याचा करार रशियाशी झाला. पहिली दोन विमाने रशियात व उर्वरित विमाने ओझर येथे अद्ययावत करण्यात आली. या सुधारित प्रकाराला बायसन हे नाव मिळाले. त्यात कोप्यो रडार, आर-७७ व आर-७३ ही हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे आणि वैमानिकाच्या शिरस्त्राणातील लक्ष्यवेधी यंत्रणा बसवण्यात आली.

बायसन हा पर्यायी विमान येईपर्यंतचा तात्पुरता उपाय होता. तेजसला विलंब होत गेल्याने तो प्रदीर्घ काळ चालू राहिला. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानी हवाई दलाशी झालेल्या चकमकीत बायसन विमानांनी भाग घेतला, तेव्हा मिग-२१च्या मूळ आराखड्याला सहा दशकांहून अधिक काळ लोटला होता.

=== जग्वार ===

जग्वार हे जमिनीवरील लक्ष्यांवर खोलवर मारा करणारे विमान आहे. त्यातील दिशादर्शन व शस्त्रप्रणाली 'डॅरिन' या स्वदेशी प्रकल्पाच्या तीन टप्प्यांत सुधारण्यात आली. तिसऱ्या टप्प्यातील विमानाला नोव्हेंबर २०१६ मध्ये प्राथमिक कार्यान्वयन मान्यता मिळाली. जग्वारला नवे, अधिक शक्तिशाली इंजिन बसवण्याचा प्रस्ताव मात्र खर्च फार वाढल्याने २०१९ मध्ये सोडून देण्यात आला. ज्या विमानाचे उर्वरित आयुष्य मर्यादित आहे, त्यावर किती खर्च करावा, या प्रश्नाचे हे ठळक उदाहरण आहे.

=== मिराज २००० ===

१९९९च्या कारगिल युद्धात लेझर-मार्गदर्शित बॉम्ब वापरणारे मिराज २००० हे ग्वाल्हेर येथे तैनात आहे. जुलै २०११ मध्ये ५१ मिराज विमाने अद्ययावत करण्यासाठी दासो आणि थेल्स या फ्रेंच कंपन्यांशी करार झाला. नवे आरडीवाय-२ रडार, मिका क्षेपणास्त्रे आणि काचपटलांचे कॉकपिट हे त्यातील मुख्य बदल होत. पहिली दोन विमाने २०१५ मध्ये फ्रान्समधून परत आली. उर्वरित काम बंगळूर येथे एचएएलकडे सोपवण्यात आले.

=== मिग-२९ ===

मिग-२९च्या अद्ययावतीकरणाचा करार मार्च २००८ मध्ये झाला. पहिली सहा विमाने रशियात आणि पुढील विमाने ओझर येथील हवाई दलाच्या ११ क्रमांकाच्या बेस रिपेअर डेपोत अद्ययावत करण्याचे ठरले. नवे रडार, वाढीव इंधनक्षमता, हवेत इंधन भरण्याची सोय आणि जमिनीवर मारा करण्याची क्षमता यांमुळे मूळचे केवळ हवाई लढाईसाठीचे हे विमान बहुउद्देशीय झाले.

=== सुखोई-३० एमकेआय ===

संख्येने सर्वांत मोठ्या असलेल्या या ताफ्यातील ८४ विमाने अद्ययावत करण्याची योजना आहे. स्वदेशी 'विरूपाक्ष' रडार, नवी इलेक्ट्रॉनिक युद्धप्रणाली आणि नवे कॉकपिट हे तिचे प्रमुख घटक आहेत. विरूपाक्ष हे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने किरणांची दिशा बदलणारे रडार आहे. जुन्या रडारमध्ये अँटेना यंत्राने फिरवावा लागतो. नव्या प्रकारात शेकडो लहान प्रक्षेपक-ग्राहक घटकांच्या साहाय्याने किरणांची दिशा क्षणार्धात बदलता येते. त्यामुळे एकाच वेळी अनेक लक्ष्यांचा माग ठेवता येतो आणि शत्रूला रडार जाम करणे अवघड जाते.

== नव्या विमानांची खरेदी व निर्मिती ==

=== राफेल ===

ऑगस्ट २००७ मध्ये हवाई दलासाठी १२६ मध्यम वजनाच्या बहुउद्देशीय लढाऊ विमानांची निविदा निघाली. तिला सहा विमान उत्पादकांनी प्रतिसाद दिला. दीर्घ चाचण्यांनंतर जानेवारी २०१२ मध्ये दासो कंपनीच्या राफेलची निवड झाली, परंतु किंमत आणि भारतातील उत्पादनाची जबाबदारी यांवरील वाटाघाटी पूर्ण होऊ शकल्या नाहीत. एप्रिल २०१५ मध्ये ३६ राफेल थेट फ्रान्सकडून घेण्याची घोषणा झाली आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजी करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. पहिली पाच विमाने २९ जुलै २०२० रोजी अंबाला येथे उतरली. अंबाला व हासिमारा येथे प्रत्येकी एक स्क्वाड्रन उभी राहिली.

निविदेपासून पहिले विमान येईपर्यंत जवळपास १३ वर्षे गेली आणि १२६ऐवजी ३६ विमाने मिळाली. राहिलेली गरज भागवण्यासाठी २०१८ मध्ये ११४ बहुउद्देशीय विमानांची स्वतंत्र प्रक्रिया सुरू करण्यात आली.

=== तेजस ===

मिग-२१ला पर्याय म्हणून हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला आणि १९८४ मध्ये त्यासाठी वैमानिकी विकास संस्था स्थापन झाली. ४ जानेवारी २००१ रोजी या विमानाचे पहिले उड्डाण झाले. १ जुलै २०१६ रोजी ४५ क्रमांकाची 'फ्लाइंग डॅगर्स' ही पहिली स्क्वाड्रन उभारली गेली आणि मे २०२० मध्ये सुलूर येथे १८ क्रमांकाची दुसरी स्क्वाड्रन तेजसने सज्ज झाली. प्रकल्पाच्या मंजुरीपासून पहिल्या स्क्वाड्रनपर्यंत ३३ वर्षे लागली.

तेजससाठी 'कावेरी' हे स्वदेशी इंजिन विकसित करण्याचा प्रयत्न झाला. ते अपेक्षित जोर देऊ न शकल्याने २००८ मध्ये त्याला तेजसपासून वेगळे करण्यात आले आणि अमेरिकी एफ-४०४ इंजिनावर अवलंबून राहावे लागले.

सुधारित तेजस मार्क-१ए प्रकारात अत्याधुनिक रडार, इलेक्ट्रॉनिक युद्धप्रणाली आणि देखभालीस सुलभ रचना आहे. अशी ८३ विमाने घेण्याचा करार ३ फेब्रुवारी २०२१ रोजी झाला. त्यानंतर २५ सप्टेंबर २०२५ रोजी आणखी ९७ विमानांसाठी ६२,३७० कोटी रुपयांचा करार झाला. त्यांत ६८ एक आसनी व २९ दोन आसनी विमाने आहेत. पहिल्या करारातील विमाने मार्च २०२४ पासून मिळणे अपेक्षित होते. ती मुदत पाळली गेली नाही. इंजिनांचा पुरवठा लांबणे हे त्याचे एक मोठे कारण होते: २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये आले. पुढील विमानांसाठी आणखी ११३ इंजिनांचा करार नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला.

=== भावी विमाने ===

अधिक शक्तिशाली एफ-४१४ इंजिनाचे तेजस मार्क-२ हे मिराज २००० आणि जग्वार यांची जागा घेण्यासाठी विकसित केले जात आहे. रडारला सहज न दिसणाऱ्या पाचव्या पिढीच्या स्वदेशी विमानाच्या विकासास मार्च २०२४ मध्ये सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने मंजुरी दिली. त्यासाठी सुमारे १५,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. रशियाबरोबर पाचव्या पिढीचे विमान संयुक्तपणे विकसित करण्याच्या प्रकल्पातून भारत यापूर्वीच, २०१८ मध्ये, बाहेर पडला होता.

== महाराष्ट्रातील केंद्रे ==

=== ओझर ===

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील ओझर हे गाव विमान कारखान्यामुळे 'ओझर मिग' या नावानेही ओळखले जाते. जुन्नर तालुक्यातील अष्टविनायकांपैकी विघ्नहराच्या ओझरपासून ते वेगळे ओळखण्यासही या नावाचा उपयोग होतो. कारखान्याची धावपट्टी नाशिकच्या नागरी विमानतळासाठीही वापरली जाते.

येथे मिग-२१च्या एफएल, एम आणि बिस या प्रकारांचे उत्पादन झाले. त्यानंतर १९८० व १९९०च्या दशकांत १६५ मिग-२७ विमाने तयार झाली. डिसेंबर २००० मध्ये १४० सुखोई-३० एमकेआय विमानांच्या परवाना-उत्पादनाचा करार झाला आणि २००४ पासून ओझरची सुखोई विमाने हवाई दलाला मिळू लागली. पुढील मागण्या मिळून एकूण २७२ विमाने घेण्यात आली. त्यांतील २२२ ओझर येथे तयार झाली. सुरुवातीला रशियातून आलेल्या भागांची जुळणी केली जात असे. नंतर कच्च्या मालापासून विमान तयार करण्यापर्यंत मजल गेली.

ब्रह्मोस हे अडीच टन वजनाचे क्षेपणास्त्र वाहून नेण्यासाठी सुखोईच्या सांगाड्यात करावयाचे बदलही ओझरमध्ये झाले. ब्रह्मोससह सुखोईचे पहिले उड्डाण २५ जून २०१६ रोजी येथूनच झाले. त्यानंतर २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर सुखोईवरून हे क्षेपणास्त्र प्रथम डागण्यात आले.

सुखोईची मागणी पूर्ण झाल्यावर नव्या लढाऊ विमानांची बांधणी थांबली आणि कारखान्याकडे मुख्यतः ओव्हरहॉल व देखभालीचे काम उरले. लढाऊ विमानांच्या उत्पादनात अशा खंडाची किंमत मोठी असते. प्रशिक्षित तंत्रज्ञ, साचे आणि सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग ही साखळी एकदा तुटली की पुन्हा उभारण्यास वर्षे लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोई विमानांसाठी सुमारे १३,५०० कोटी रुपयांचा करार झाला. दरम्यान तेजस मार्क-१एची तिसरी उत्पादनसाखळी ओझर येथे उभारण्यात आली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले आणि त्याच कार्यक्रमात ओझरमध्ये तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१एने उड्डाण केले. या साखळीची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे. बंगळूरच्या दोन साखळ्या धरून एकूण क्षमता वर्षाला २४ विमानांपर्यंत जाते. एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची दुसरी साखळीही येथेच आहे.

ओझर येथील ११ क्रमांकाचा बेस रिपेअर डेपो कारखान्यापासून वेगळा असून तो थेट हवाई दलाच्या अखत्यारीत येतो. मिग-२९ आणि सुखोई विमानांचे ओव्हरहॉल येथे होते. डेपोने ओव्हरहॉल केलेले पहिले सुखोई-३० एमकेआय एप्रिल २०१८ मध्ये हवाई दलाकडे सुपूर्द करण्यात आले.

=== पुणे व नागपूर ===

पुण्याजवळील लोहगाव हा सुखोई विमानांचा भारतातील पहिला तळ होय. १९९७ मध्ये सुखोई-३०ची पहिली तुकडी येथे आली आणि २७ सप्टेंबर २००२ रोजी एमकेआय प्रकारातील विमाने येथेच समारंभपूर्वक दाखल झाली. हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय नागपूर येथे असून देशभरातील बेस रिपेअर डेपो त्याच्या नियंत्रणाखाली येतात. नागपूरच्या मिहान प्रकल्पात दासो आणि रिलायन्स यांच्या संयुक्त कंपनीच्या कारखान्याची पायाभरणी ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली. तेथे फाल्कन या व्यावसायिक जेट विमानाचे भाग तयार होतात.

=== मुंबई उपनगरे ===

मुंबईच्या उपनगरांत विमाननिर्मिती होत नसली, तरी संशोधन व सुट्या भागांच्या निर्मितीत त्यांचा सहभाग आहे. घाटकोपर व मुलुंड यांच्या दरम्यानच्या विक्रोळी येथील गोदरेज समूहाच्या एरोस्पेस विभागाने ब्रह्मोस क्षेपणास्त्राच्या सांगाड्याचे भाग पुरवले आहेत. कावेरी इंजिनापासून विकसित केलेल्या, आफ्टरबर्नर नसलेल्या इंजिनाचे मॉड्यूल तयार करण्याचे कामही या विभागाला मिळाले. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत एरोस्पेस अभियांत्रिकीचे स्वतंत्र विभाग असून तेजस प्रकल्पाचे संचालक राहिलेले कोटा हरिनारायण यांनी याच संस्थेतून पीएच.डी. मिळवली.

== सुरक्षितता आणि अपघात ==

जुन्या ताफ्याची सर्वाधिक किंमत वैमानिकांनी मोजली. तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, हवाई दलात दाखल झालेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानांना एप्रिल २०१२ पर्यंत अपघात झाले. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिकांचा मृत्यू झाला.

पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानात मिग-२१च्या अपघातात मृत्यू झाला. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी विमानांची सुरक्षितता आणि वैमानिकांचे प्रशिक्षण यांसंबंधी प्रदीर्घ पाठपुरावा केला. त्यामुळे हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला. मिग-२१च्या अपघातांचा विषय २००६च्या 'रंग दे बसंती' या हिंदी चित्रपटातही आला आहे.

सर्वच अपघात विमानाच्या वयामुळे झाले असे मानले जात नाही. मिग-२१चा उतरण्याचा वेग मोठा असल्याने नवख्या वैमानिकाला ते हाताळणे कठीण असे. प्राथमिक प्रशिक्षणाची विमाने आणि मिग-२१ यांच्यातील अंतर भरून काढणारे प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये केली होती. त्यासाठी निवडलेल्या हॉक विमानांचा करार २००४ मध्ये झाला आणि ती २००८ पासून वापरात आली. या मधल्या २६ वर्षांत तरुण वैमानिकांना साध्या जेट प्रशिक्षणानंतर थेट मिग-२१ उडवावे लागत असे. त्यामुळे प्रशिक्षण विमानांची वेळेवर खरेदी हाही आधुनिकीकरणाचाच भाग मानला जातो.

== निवृत्त विमाने ==

मिग-२५ विमाने २००६ मध्ये, मिग-२३ची हवाई लढाईसाठीची आवृत्ती २००७ मध्ये आणि भूमारा करणारी मिग-२३ बीएन आवृत्ती ६ मार्च २००९ रोजी निवृत्त झाली. ओझरमध्ये तयार झालेल्या मिग-२७च्या शेवटच्या स्क्वाड्रनला २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूर येथे निरोप देण्यात आला. मिग-२१ची अखेरची उड्डाणे २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे झाली. ६२ वर्षांपूर्वी याच तळावर ते विमान दाखल झाले होते. ३ व २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रन हे विमान वापरणाऱ्या शेवटच्या स्क्वाड्रन होत्या. हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल अमर प्रीत सिंह यांनी स्वतः या निरोपाच्या उड्डाणांत भाग घेतला.

== मूल्यमापन ==

अद्ययावतीकरणाने विमानाची मारक क्षमता वाढते व काही वर्षांचा अवधी मिळतो, पण स्क्वाड्रनची संख्या वाढत नाही. परदेशी खरेदीने आधुनिक विमान लवकर मिळते, परंतु खर्चामुळे संख्या मर्यादित राहते. स्वदेशी उत्पादनाने दीर्घकालीन स्वावलंबन साधते, मात्र त्याचा वेग इंजिनासारख्या आयात घटकांवर अवलंबून असतो. या तिन्ही मार्गांचा एकत्रित वापर हेच हवाई दलाचे आजवरचे धोरण राहिले आहे.

उत्पादनाच्या वेगाचे महत्त्व साध्या हिशेबातून दिसते. करार झालेल्या तेजस मार्क-१ए विमानांची एकूण संख्या १८० आहे; त्यांतून साधारण दहा स्क्वाड्रन उभ्या राहू शकतात. वर्षाला २४ विमाने हा पूर्ण क्षमतेचा वेग गाठला, तरी ती सर्व मिळण्यास साडेसात वर्षे लागतील. याच सुमारास जग्वार, मिराज आणि मिग-२९च्या बारा स्क्वाड्रन निवृत्तीकडे झुकतील. त्यामुळे तेजस मार्क-१ए पूर्ण संख्येने आले, तरी केवळ त्यांच्या बळावर ४२ स्क्वाड्रनचे उद्दिष्ट गाठता येणार नाही. तेजस मार्क-२ आणि ११४ बहुउद्देशीय विमाने यांची त्याला जोड मिळावी लागेल.

केवळ संख्येवर भर देण्याच्या मर्यादाही दाखवून दिल्या जातात. हवेत इंधन भरणारी विमाने, हवाई टेहळणी यंत्रणा, दूरवर मारा करणारी क्षेपणास्त्रे आणि मानवरहित विमाने यांमुळे एकेका लढाऊ विमानाची उपयुक्तता वाढते. उड्डाणास प्रत्यक्ष सज्ज असलेल्या विमानांचे प्रमाण सुधारले, तर नवी विमाने न घेताही क्षमतेत भर पडते. यासाठी ओव्हरहॉल वेळेत होणे आणि सुटे भाग देशात तयार होणे आवश्यक असते.

== हेही पहा ==

* भारतीय हवाई दल
* हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड
* एचएएल तेजस
* सुखोई-३० एमकेआय
* मिग-२१
* ओझर (निफाड)
* नाशिक विमानतळ